पुण्यात एकट्याने राहताना : नाते तुटल्यानंतर नव्या शहरात घडी कशी बसवावी

काही वर्षांचे नाते तुटले, त्याच सुमारास पुण्यात नोकरी मिळाली आणि कोल्हापूर, नागपूर किंवा नाशिक सोडून माणूस एकटाच इथे येऊन पोहोचला, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. अशा व्यक्तीला भेटेल तो ‘कामात गुंतवून घे’ असे सांगतो. सल्ला वाईट नाही. पण तो दिवसाच्या ज्या भागाला लागू पडतो, तो भाग तसाही भरलेलाच असतो. सकाळी नऊपासून संध्याकाळी सातपर्यंतचा वेळ कार्यालय आणि प्रवास मिळून खातात. खरा प्रश्न असतो तो संध्याकाळी साडेसात ते रात्री साडेदहा या तीन तासांचा आणि रविवारचा, कारण फोनवर बोलणे, एकत्र जेवणे, उद्याचे बेत ठरवणे हे सगळे नेमके याच वेळेत होत असे. म्हणून घर कोठे घ्यावे इथपासून ताटात काय वाढून घ्यावे इथपर्यंतच्या पुढील बहुतेक पायऱ्या या रिकाम्या वेळेच्या हिशेबाने मांडल्या आहेत. आधी मन सावरेल आणि मग घडी बसेल, अशी वाट पाहत बसू नये. घडी बसवायला घेतली की मन तिच्या मागोमाग येते, असे माझे मत आहे.

निघण्यापूर्वी मागचे व्यवहार मिटवा

मनातला हिशेब कधी मिटेल हे कोणी सांगू शकत नाही. पैशांचा आणि कागदपत्रांचा हिशेब मात्र एका बैठकीत मिटू शकतो आणि तो मिटवल्याशिवाय गाव सोडू नये. दोघांनी मिळून घर भाड्याने घेतले असेल, तर अनामत रक्कम कोणाला किती परत मिळणार हे फोनवर न बोलता लेखी निरोपाने ठरवावे. फ्रिज, वॉशिंग मशीन यांसारख्या सामायिक वस्तूंची आजची किंमत धरून एकाने वस्तू ठेवावी आणि दुसऱ्याने पैसे घ्यावेत. ‘राहू दे, नंतर बघू’ असे म्हणून सोडलेली प्रत्येक वस्तू पुढे सहा महिने बोलणे सुरू ठेवण्याचे निमित्त होते, आणि बऱ्याचदा ती त्याचसाठी सोडलेली असते.

यानंतर फोन हातात घेऊन शांतपणे तासभर बसावे. यूपीआय ॲपमधील ऑटोपेची यादी उघडून कोणत्या सामायिक सदस्यत्वाचे पैसे आपल्या खात्यातून जातात ते पाहावे. गुगल मॅप्सवर आपले ठिकाण त्या व्यक्तीला अजून दिसते का, फोटोंचे सामायिक अल्बम उघडे आहेत का, आपला पासवर्ड तिकडच्या लॅपटॉपवर साठवलेला आहे का, हे तपासून बंद करावे. बँक, विमा आणि भविष्य निर्वाह निधी यांतील नामनिर्देशन बदलायचे असेल तर ते आताच बदलावे. कार्यालयाच्या अर्जावर आपत्कालीन संपर्क म्हणून कोणाचे नाव आहे हे बहुतेक जण विसरतात. चक्कर येऊन पडल्यावर फोन नेमका त्याच व्यक्तीला गेला, तर दोन्ही बाजूंना अवघड होते.

फोटो आणि जुने संदेश यांच्या बाबतीत घाई करू नये. रागाच्या भरात सगळे पुसून टाकणाऱ्यांना पुढे त्याच फोटोंमधील आजीचा किंवा मित्राच्या लग्नाचा फोटो हवा असतो. व्हॉट्सॲपवरील संभाषण एक्स्पोर्ट करून फोटोंसह पेन ड्राइव्हवर ठेवावे, तो पेन ड्राइव्ह गावाकडच्या कपाटात ठेवून यावे आणि मग फोनवरचे पुसावे. गुगल फोटोजच्या ‘आठवणी’ या सोयीत विशिष्ट व्यक्ती आणि विशिष्ट तारखा लपवण्याची सेटिंग आहे. ती लावल्यास मागच्या वर्षीची महाबळेश्वरची सहल सकाळी सातला समोर येऊन उभी राहत नाही.

भाग निवडताना संध्याकाळी आठ वाजता पायी फिरा

भाड्याची घरे सकाळी दाखवली जातात. ऊन आलेले असते, झाडू मारलेला असतो आणि सगळे ठीक वाटते. ज्याला एकट्याने राहायचे आहे त्याने तोच परिसर कामाच्या दिवशी संध्याकाळी आठ वाजता पुन्हा जाऊन पाहावा आणि इमारतीच्या फाटकापासून प्रत्येक दिशेला दहा मिनिटे चालावे. त्या अंतरात भाजीवाला, किराणा, रात्री दहापर्यंत उघडे असणारे औषधांचे दुकान, एक खानावळ किंवा पोळीभाजी केंद्र, एखादा दवाखाना आणि बसचा थांबा किंवा मेट्रो स्थानक आहे का, रस्त्यावर दिवे आहेत का, लोक कट्ट्यावर बसलेले आहेत की सगळे गाडीतून थेट तळघरात जातात, हे नजरेखालून घालावे.

कार्यालय हिंजवडीत असेल तर वाकड, खराडीत असेल तर खराडी, असा सरळ हिशेब सगळे करतात आणि प्रवासाच्या दृष्टीने तो बरोबरही असतो. तरीही नाते तुटून आलेल्या माणसाने कर्वेनगर, कोथरूड, एरंडवणे, सदाशिव किंवा नारायण पेठ, चिंचवडगाव अशा जुन्या वस्तीचा विचार अवश्य करावा. उंच संकुलात लिफ्ट, वाहनतळ आणि घरपोच डबा यांच्यामुळे चार-चार दिवस कोणाशी एक वाक्यही न बोलता जगता येते. एरवी ती सोय असते. या काळात मात्र ती घातक ठरते. जुन्या वस्तीत दूधवाला, इस्त्रीवाला आणि किराणा दुकानदार महिनाभरात तोंडओळखीचे होतात आणि दोन दिवस दिसला नाहीत तर ‘गावाला गेला होतात का?’ असे विचारतात. वनाझ ते रामवाडी या मेट्रो मार्गामुळे कोथरूडच्या आयडियल कॉलनीजवळ राहून कल्याणीनगरला कामाला जाणे शक्य झाले आहे. हिंजवडीसाठी मात्र वाहतुकीचा त्रास मान्य करूनच हा पर्याय घ्यावा लागतो. रोजचा एकूण प्रवास अडीच तासांच्या पुढे जात असेल, तर जुन्या वस्तीचा हट्ट सोडावा, कारण दमून आलेल्या माणसाला शेजारही नकोसा होतो.

पाण्याची चौकशी घरमालकाकडे न करता इमारतीच्या वॉचमनकाकांकडे करावी. महापालिकेचे पाणी किती वेळ येते, उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो का, त्याचा खर्च भाडेकरूवर पडतो का, हे ते खरे सांगतात. देखभालीच्या कामासाठी पुण्यात पाणी बंद ठेवायचे झाल्यास बहुधा गुरुवार निवडला जातो, एवढे लक्षात ठेवून बुधवारी रात्री दोन बादल्या भरून ठेवण्याची सवय लावून घ्यावी.

एकट्या भाडेकरूची घरमालकाशी होणारी पहिली बातचीत साधारण ठरलेली असते.

‘लग्न झालंय?’

‘नाही, काका.’

‘मग एकटेच राहणार? मित्रमैत्रिणी वगैरे?’

येथे आपली कहाणी सांगू नये आणि खोटेही बोलू नये. ‘नोकरीसाठी आलोय, एकटाच राहणार आहे, आईबाबा दोन-तीन महिन्यांनी आठवडाभर येतील,’ एवढे पुरते. पाहुणे, रात्री परतण्याची वेळ, मांसाहार याविषयी सोसायटीच्या काही अटी असतील तर त्या टोकन, म्हणजे घर अडवून ठेवण्यासाठीची आगाऊ रक्कम, देण्यापूर्वीच विचाराव्यात. टोकन दिल्यानंतर कळलेली अट ही पैसे बुडण्याची पहिली खूण असते. ज्यांनी आयुष्यात कधीच एकट्याने घर चालवलेले नाही, त्यांनी पहिले दोन-तीन महिने पेइंग गेस्ट म्हणून किंवा नोकरदार महिलांच्या वसतिगृहात राहून मग घर शोधण्यात कोणताही कमीपणा नाही.

करारनामा

हा भाग रूक्ष आहे, तरी टाळू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार घराचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. पुण्यात प्रचलित असलेला लीव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीपुरती राहण्याची परवानगी देणारा) बहुधा अकरा महिन्यांचा असतो, म्हणून त्याला नोंदणी लागत नाही असे काही दलाल सांगतात. महाराष्ट्रात ते चुकीचे आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि अनामत रकमेवरील वार्षिक दहा टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के आणि महापालिका हद्दीतील नोंदणी फी १,००० रुपये असते. म्हणजे महिना १५,००० रुपये भाडे आणि ५०,००० रुपये अनामत असेल, तर मुद्रांक शुल्क पाचशे रुपयांच्या आतबाहेर येते. त्यापुढची रक्कम दलालाची आणि घरी येऊन अंगठ्याचे ठसे घेणाऱ्याची असते. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे नोंदवली गेली का, हेही विचारून घ्यावे. नोंदणीकृत करार हाती आला की आधारवरील पत्ता बदलता येतो आणि इतर कागदपत्रांचे काम सोपे होते.

सामान लावण्यापूर्वी प्रत्येक खोलीचे, नळांचे, भिंतींवरील ओलीचे आणि कपाटांच्या आतील बाजूंचे फोटो काढून त्याच दिवशी मालकाला पाठवून ठेवावेत.

एका माणसाचे स्वयंपाकघर

एकट्याने राहणारा माणूस पहिल्यांदा हरतो तो जेवणात. दोघांच्या मापाने हात सवयीचा झालेला असतो, भात उरतो, दुसऱ्या दिवशी तोच खावा लागतो, चौथ्या दिवशी बाहेरून मागवणे सुरू होते आणि महिन्याच्या शेवटी पैसे व प्रकृती दोन्ही बिघडतात. यावर उपाय म्हणजे भांडी लहान घेणे. दोन लिटरचा कुकर, एक लहान लोखंडी कढई, एक तवा, एक पातेले आणि दोन डबे एवढ्यावर सहा महिने निघतात. मोठी कढई घरात असली की भाजी मोठीच होते.

इमारतीत पाइपचा गॅस असेल तर प्रश्न नाही. नसेल आणि पत्त्याचा पुरावा अजून हाती आलेला नसेल, तर पाच किलोचा लहान सिलिंडर ओळखपत्र दाखवून मिळतो. इंडेनचा असा सिलिंडर ‘छोटू’ या नावाने विकला जातो.

आठवड्यातील पाच संध्याकाळींपैकी तीन वेळा स्वतः स्वयंपाक करावा आणि दोन वेळा खानावळीत किंवा पोळीभाजी केंद्रावर जावे, असे प्रमाण मला योग्य वाटते. रोज करण्याचा निश्चय टिकत नाही आणि रोज डबा लावला की संध्याकाळचा एक तास पुन्हा रिकामा होतो. दमलेल्या दिवसासाठी पिठल्याइतका भरवशाचा पदार्थ नाही. पाव वाटी डाळीचे पीठ एक वाटी पाण्यात गुठळी न राहू देता कालवून ठेवावे; चमचाभर तेलात मोहरी, जिरे, हिंग, हळद, ठेचलेल्या चार लसूण पाकळ्या आणि एक हिरवी मिरची घालावी, अर्धा कांदा मऊ होईपर्यंत परतावा, कालवलेले पीठ ओतून मीठ घालावे आणि सतत ढवळत राहावे. पीठ शिजले की त्याचा कच्चा वास जातो आणि कडेने बुडबुडे फुटू लागतात. मग झाकण ठेवून दोन मिनिटे वाफ द्यावी. पोळ्या किंवा भाकरी केंद्रावरून आणल्या तरी चालते. वीस मिनिटांत गरम जेवण होते आणि शिल्लक काही राहत नाही. वाफाळलेले पिठले ताटात वाढून घ्यावे, कढईतून खाऊ नये. ओट्यापाशी उभ्याने खाण्याची सवय एकदा लागली की ती लवकर सुटत नाही.

भाजी पाव किलोच्या मापाने आणि दोन दिवसांपुरतीच आणावी. पुण्यातील भाजीवाल्या मावशी पाव किलोला नाक मुरडत नाहीत, आणि दर दोन दिवसांनी त्यांच्यासमोर उभे राहणे हाच या खरेदीचा अर्धा फायदा आहे.

संध्याकाळ

येथे सर्वांत अधिक विचार करावा लागतो. संध्याकाळ भरण्यासाठी तीन प्रकारची कामे लागतात : ठरलेल्या दिवशी ठरलेल्या ठिकाणी जाणे, हाताने काहीतरी करणे आणि माणसांमध्ये असूनही स्वतःविषयी बोलावे न लागणे. यातील तिसरी गोष्ट फार महत्त्वाची आहे. नव्या शहरात मित्र जोडा असे सांगितले जाते, परंतु नाते तुटलेल्या माणसाला कॉफीच्या टेबलावर समोरासमोर बसून ‘मग, आणखी काय?’ या प्रश्नाला तोंड देणे नको असते. खांद्याला खांदा लावून काहीतरी करण्याची जागा त्याला अधिक मानवते.

अशा जागा पुण्यात भरपूर आहेत. गणेशोत्सवाच्या सुमारे दोन महिने आधीपासून ढोल-ताशा पथकांचा सराव नदीपात्रात आणि मोकळ्या मैदानांवर संध्याकाळी सुरू होतो. बहुतेक पथके दरवर्षी नवे वादक घेतात, आधी काही येत असण्याची अट नसते आणि विद्यार्थ्यांपासून बँकेत नोकरी करणाऱ्यांपर्यंत सगळे एका ओळीत उभे असतात. ढोल कमरेला बांधला, एका हाताने टिपरू आणि दुसऱ्या हाताने थाप अशी लय धरली की दोन तास बोलणे शक्यच नसते. आवाजच तेवढा असतो. तळहात पहिल्या आठवड्यात सुजतात, पाठ भरून येते आणि घरी येऊन माणूस आडवा पडताक्षणी झोपतो. निद्रानाशाने हैराण झालेल्यांसाठी हा लाभ लहान नाही. कानांत कापूस किंवा इअरप्लग घालण्याविषयी मात्र संकोच करू नये. प्रवेशापूर्वी एक-दोन सराव बाजूला उभे राहून पाहावेत. शिस्त, महिला वादकांची व्यवस्था आणि सराव संपण्याची वेळ यांवरून पथक कसे आहे ते कळते.

ज्यांना गोंगाट सोसत नाही त्यांच्यासाठी वेगळ्या वाटा आहेत. विनायकबुवा पटवर्धन यांनी १९३२ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या गांधर्व महाविद्यालयासारख्या संस्थांपासून गल्लीतील शिकवणीपर्यंत गाणे, तबला, संवादिनी शिकण्याची सोय आहे आणि चाळिशीत आलेल्या विद्यार्थ्याकडे इथे कोणी वळून पाहत नाही. टिळक रस्त्यावरील महाराष्ट्र साहित्य परिषद १९०६ पासूनची संस्था आहे. तिथली व्याख्याने आणि पुस्तक प्रकाशने संध्याकाळी असतात आणि बहुधा विनामूल्य असतात. १८४८ मध्ये स्थापन झालेले पुणे नगर वाचन मंदिर किंवा आपल्या भागातील एखादे ग्रंथालय यांचे सभासदत्व घ्यावे. पुस्तक मोबाइलवरही वाचता येते हे खरे. पण परत करण्याची तारीख असलेले पुस्तक माणसाला घराबाहेर काढते.

यांपैकी एकच गोष्ट निवडावी. पहिल्या महिन्यात व्यायामशाळा, जपानी भाषेचा वर्ग, गिर्यारोहण आणि झुंबा या सगळ्यांचे पैसे भरून तिसऱ्या महिन्यात एकाही ठिकाणी न जाणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत. आठवड्यातील दोन संध्याकाळी एका ठिकाणी, तीन संध्याकाळी स्वयंपाक आणि त्यातील एका दिवशी इस्त्री किंवा कपाट आवरणे, एवढे पुरे. एखादी संध्याकाळ मुद्दाम मोकळी ठेवावी आणि त्या दिवशी वाईट वाटले तर वाटू द्यावे.

डेटिंग ॲपविषयी लोक विचारतात. संध्याकाळ भरण्यासाठी म्हणून ते उघडू नये, इतकेच सांगेन.

रविवार

रविवारची सकाळ सोपी असते, दुपार अवघड असते. सकाळी वेताळ टेकडी किंवा तळजाईवर जावे. ठरलेल्या वेळी गेल्यास दोन-तीन आठवड्यांत तेच चेहरे पुन्हा दिसू लागतात आणि मान हलवून ओळख देऊ लागतात. सिंहगडावर मात्र पहिल्या काही महिन्यांत रविवारी जाऊ नये. तिथली जोडपी, पिठले-भाकरी आणि सेल्फी यांच्यामध्ये एकट्याने दही खाणे ही चांगली कल्पना नव्हे. रजा टाकून मधल्या वारी जावे.

दुपारसाठी नाटकासारखा दुसरा उपाय नाही. १९६८ पासून सुरू असलेले बालगंधर्व रंगमंदिर आणि कोथरूडचे यशवंतराव चव्हाण नाट्यगृह येथे रविवारी बहुधा साडेबारा आणि साडेपाचचे प्रयोग असतात. एकट्या माणसाचा मोठा फायदा असा की तिकीट खिडकीवर शेवटच्या क्षणी पुढच्या रांगेतील एखादी सुटी खुर्ची अनेकदा शिल्लक असते. मध्यंतरात बटाटेवडा खाताना शेजारचे आजोबा नाटकाविषयी मत विचारतात, आणि पुण्यात ते मत दिल्यावर त्यावर त्यांचे मत ऐकावेही लागते.

निरोप, फोन आणि घरची माणसे

पूर्वीच्या जोडीदाराला काही लिहावेसे वाटणे हे मुख्यतः रात्री दहानंतर होते. लिहावे, पण ते फोनच्या वहीत लिहावे आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणानंतर वाचावे. दुपारीही ते पाठवावेसे वाटले तर पाठवावे. बहुतेक वेळा दुपारी त्यातील एखादेच वाक्य उरते. समाजमाध्यमांवर त्या व्यक्तीला ब्लॉक करण्याऐवजी म्यूट केले तर समोरच्याला कळत नाही आणि आपल्यालाही नाट्य घडवल्यासारखे वाटत नाही. समोरून सतत फोन, धमक्या किंवा घराजवळ घिरट्या घालणे सुरू असेल, तर प्रश्न वेगळा आहे : सगळे संदेश जपून ठेवावेत, ब्लॉक करावे आणि ११२ वर किंवा पोलिस ठाण्यात तक्रार करावी. महिलांसाठी १८१ ही मदतवाहिनीही आहे. स्त्रीचा पाठलाग करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार गुन्हा आहे.

घरच्यांचे प्रश्न प्रेमापोटी असतात आणि तरीही टोचतात. ‘जेवलास का?’ नंतर तिसऱ्या मिनिटाला ‘मग आता स्थळं बघायला सुरुवात करू का?’ हा प्रश्न येतोच. चिडून ‘मला त्रास देऊ नका’ असे म्हटल्यास घरचे अधिक काळजीत पडतात. त्यांना तारीख द्यावी : ‘आई, दिवाळीपर्यंत हा विषय नको. दिवाळीत घरी आलो की मीच काढतो.’ तारीख मिळाली की आई-वडील थांबतात आणि नातेवाइकांना तेच परस्पर सांगतात. फोनची वेळही ठरवून घ्यावी. रात्री साडेनऊचा फोन दोन्हीकडे रडवेला होतो, सकाळी चहाच्या वेळचा होत नाही.

दिवाळी एकट्याने पुण्यात काढू नये असा माझा आग्रह आहे. रेल्वेचे आरक्षण आता प्रवासाच्या साठ दिवस आधी खुले होते; नागपूरच्या गाड्या त्याच सकाळी भरतात, तेव्हा गणपतीच्या आसपासच तारीख पाहून ठेवावी. रजा मिळालीच नाही, तर शहरात जागोजागी होणाऱ्या दिवाळी पहाटेच्या मैफलींपैकी एखादीचे तिकीट आधी काढून ठेवावे.

आजारपणाची तयारी बरे असताना करावी

तापात एकट्याने पडून राहणे हा या सगळ्यातील सर्वांत एकाकी अनुभव आहे आणि नेमका तेव्हाच जुना नंबर लावला जातो. म्हणून घर लावल्यानंतर पहिल्या महिन्यातच जवळच्या फॅमिली डॉक्टरकडे रक्तदाब तपासण्याच्या निमित्ताने एकदा जाऊन यावे. घरात थर्मामीटर, पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटे आणि मुगाची डाळ असावी. फोनच्या लॉक स्क्रीनवर रक्तगट व आपत्कालीन संपर्क दिसतील अशी व्यवस्था करावी. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक राज्यभर चालतो.

एक जादा किल्ली शेजारी किंवा दहा मिनिटांवर राहणाऱ्या सहकाऱ्याकडे ठेवावी आणि दाराला बाहेरून किल्लीने उघडणारे लॅच असावे. आतून कडीही घातली तर ती किल्ली निरुपयोगी ठरते. तेव्हा परिसर सुरक्षित असल्यास आजारी असताना केवळ लॅचवर झोपावे. किल्ली देताना शेजारच्या काकूंना कारण सांगायला लाजू नये. ‘काकू, एकटी राहते, म्हणून एक किल्ली तुमच्याकडे ठेवू का?’ या वाक्यानंतर संक्रांतीचा तिळगूळ घरपोच येतो, असा अनुभव आहे.

दुःख कधी आजार होते

रडू येणे, भूक मंदावणे, एखाद्या गाण्याने दिवस खराब होणे हे महिने-दोन महिने चालते आणि त्यासाठी कोणाकडे जाण्याची गरज नसते. परंतु सलग दोन आठवडे दिवसाचा बहुतेक वेळ मन खिन्न असेल, आवडत्या कशातही रस उरला नसेल, झोप किंवा भूक पार बिघडली असेल, कामावर जाणे जमत नसेल, तर ते अंगावर काढू नये. टेली मानस ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही उपलब्ध आहे. जगणे नकोसे वाटण्याचा विचार एकदा जरी आला, तरी दोन आठवड्यांचा हिशेब न करता त्याच वेळी फोन करावा आणि ज्याच्याकडे किल्ली आहे त्याला बोलावून घ्यावे. दारूने झोप लागते असे वाटते, पण ती रात्री मध्येच मोडते आणि पहाटे तीनला जाग येते. या काळात एकट्याने घरी पिण्याचा रिवाज पडू देऊ नये.

अकरा महिन्यांनंतर

करार संपण्याच्या दोन महिने आधी बसून विचार करावा. शहर सोडायचे का, भाग बदलायचा का, की याच घरात राहायचे, हा निर्णय त्या व्यक्तीच्या आठवणीवर किंवा तिच्या गावाच्या अंतरावर घेऊ नये. प्रवासाला किती वेळ जातो, भाड्यात पगाराचा किती भाग जातो, संध्याकाळी जाण्याची जागा टिकली का आणि आजारी पडल्यावर कोण आले, या चार गोष्टी कागदावर लिहाव्यात. चारही उत्तरे वाईट असतील तर घर बदलावे. केवळ भाडे जास्त वाटत असेल तर आधी घासाघीस करावी, कारण वेळेवर भाडे देणारा शांत भाडेकरू सोडायला कोणताही मालक राजी नसतो. नवा करार पुन्हा नोंदवून घ्यावा, वाढ किती टक्के हे त्यातच लिहावे, आणि वर्षभरात जी दुरुस्ती मालकाने ‘करू, करू’ म्हणत टाळली ती सहीपूर्वी करून घ्यावी.